मास्तरांना मास्तरांशी जोडा

आमची शाळा द्विशिक्षकी आहे. पहिली ते चौथीचे चार वर्ग, दोन खोल्या आणि एक व्हरांडा. गाव बालाघाटच्या डोंगरात, बीड जिल्ह्यातल्या पाटोदा-आष्टीच्या बाजूला. प्रशिक्षणाचं पत्र आलं की आमच्यातला एकजण तालुक्याला जातो आणि दुसऱ्याच्या अंगावर चारही वर्ग पडतात. गेल्या पंचवीस वर्षांत असे किती दिवस गेले हे मी मोजलेलं नाही, पण त्या दिवशी शाळेत काय चालतं ते मला तोंडपाठ आहे. पहिलीची पोरं पाटीवर तेच तेच गिरवतात, चौथीच्या मुली त्यांना सांभाळतात, मागे राहिलेला शिक्षक या खोलीतून त्या खोलीत हेलपाटे घालतो, आणि मध्येच खिचडीत मीठ बरोबर पडलं का हेही त्यालाच चाखून पाहावं लागतं. एका शिक्षकाला शिकवण्यासाठी त्या दिवशी तीस-पस्तीस मुलांचं शिकणं थांबलेलं असतं.

त्यामुळे संगणकाच्या जाळ्यातून शिक्षकांचं प्रशिक्षण व्हावं असं कुणी म्हटलं की मी लगेच त्याच्या बाजूने उभा राहतो. किनवटच्या शिक्षकाला नांदेड गाठायचं तर सव्वाशे किलोमीटरहून जास्त रस्ता तुडवावा लागतो. सोयगाव, परांडा, देगलूर, टोकाच्या कुठल्याही तालुक्यात विचारा. जिल्ह्याच्या गावी जाऊन यायचं म्हणजे दिवस गेला. एवढ्या लांबच्या माणसाला जागेवर बसून शिकता येत असेल तर त्याला विरोध करण्यासारखं काय आहे?

पण आजवर हे जाळं ज्या रीतीने वापरलं गेलं, ते मला मान्य नाही. पुण्यातल्या राज्य कार्यालयांतून खाली चित्रफिती सोडायच्या आणि खालून वर आकडे ओढायचे, या दोनच कामांना आपण ते जुंपलं आहे. मराठवाड्यासारख्या विखुरलेल्या भागात त्याचं सगळ्यात मोठं मोल तिसऱ्याच गोष्टीत आहे. एका शाळेतला शिक्षक दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाशी स्वतःच्या वर्गातल्या अडचणीबद्दल बोलू शकणं, ती ही गोष्ट. ते नेमकं आपण शिक्षकांच्या हौसेवर सोडून दिलं आहे.

आधी जुनी पद्धत पाहू. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. आम्ही त्यांना ‘डायट’ म्हणतो. पुढे तालुक्याला गटसाधन केंद्रं आली, दहा-पंधरा शाळांमागे केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले. प्रशिक्षण या साखळीतून खाली येतं. राज्यस्तरावर काहीजण शिकतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे आम्हाला. प्रत्येक पायरीवर दिवस कमी होतात आणि मजकूरही. पाटाच्या शेवटच्या टोकाला ज्याचं शेत आहे त्याला पाणी कसं मिळतं, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायला नको. आमच्यापर्यंत पोचायचं ते घोषवाक्य आणि घटकसंच (मॉड्यूल). ते अमुकच का करायचं, हा प्रश्न वरच कुठेतरी जिरून गेलेला असायचा. समोर उभा असलेला सुलभकही आमच्यासारखाच शिक्षक. त्याला आठवडाभरापूर्वी जे सांगितलं गेलं तेवढंच तो सांगणार. त्याचा दोष नाही.

तरीही समोरासमोरच्या प्रशिक्षणाला मी नावं ठेवणार नाही, कारण माझ्या नोकरीतली सगळ्यात उपयोगी गोष्ट मला प्रवासातूनच मिळाली. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि राज्यभरातले शिक्षक साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे तिथल्या एका शाळासमूहातल्या, शाळा पाहायला निघाले. आम्हीही नऊ-दहा जणांनी पैसे गोळा करून क्रूझर ठरवली. रात्री निघालो, सकाळी पोचलो. तिथे पहिलीच्या वर्गात फरशीवर आखलेल्या तक्त्याभोवती पोरं बसली होती, बाई त्यांच्यात खाली बसल्या होत्या, आणि मुलं एकमेकांना शब्द वाचून दाखवत होती. मी भिंतीला टेकून तासभर नुसता पाहत उभा होतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग चालू असताना मी पहिल्यांदा पाहत होतो. विचार करा, सुतार दुसऱ्या सुताराचं काम पाहून शिकतो, गवंडी गवंड्याचं पाहून. शिक्षकाला मात्र आपण खोलीत एकटं सोडतो आणि दर दोन वर्षांनी हॉलमध्ये बोलावून भाषण ऐकवतो.

परत आलो, फरशी रंगवली, साहित्य केलं. महिन्याभरात अडलो. जोडशब्दांपाशी माझी निम्मी मुलं थांबली आणि पुढे काय करायचं ते विचारायला कुणी नव्हतं. त्या बाईंचा वर्ग पाहिला होता, पण त्यांचा फोन नंबर घ्यायचं सुचलं नव्हतं. क्रूझर दर महिन्याला निघत नसते. जाळ्याचं काम इथे सुरू व्हायला हवं होतं.

२०२० साली करोनाने शाळा बंद केल्या आणि जाळं आमच्या दाराशी आलं. ‘दीक्षा’ हे केंद्र सरकारचं ऑनलाइन व्यासपीठ २०१७ पासून होतंच, पाठ्यपुस्तकांवर त्याचे क्यूआर कोडही होते. देशातल्या ४२ लाख प्राथमिक शिक्षकांसाठी २०१९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेलं ‘निष्ठा’ प्रशिक्षण ऑक्टोबर २०२० पासून त्यावर ऑनलाइन आलं. १८ घटकसंच. चित्रफीत पाहायची, मजकूर वाचायचा, शेवटी पर्यायी उत्तरांची चाचणी, मग प्रमाणपत्र. त्यातले काही घटकसंच खरोखर चांगले होते, हे सांगायला हवं. मूल्यमापनावरचा मी दोनदा पाहिला. पण बाकी काय झालं तेही खरं लिहितो. चाचणीची उत्तरं घटकसंच उघडला की तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपच्या गटागटांवर फिरायची. चित्रफीत एकीकडे चालू ठेवून माणसं दुसरीकडे कामं उरकायची. मीही असं केलं आहे, आणि मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगणाऱ्या माणसाला ते शोभणारं नव्हतं. मात्र असं सगळीकडे का झालं याचं उत्तर शिक्षकांच्या आळसात शोधाल तर चुकाल. त्या चित्रफितीला प्रश्न विचारता येत नव्हता. आमच्या चार वर्गांच्या दोन खोल्यांची तिला कल्पना नव्हती. आणि वरून विचारणा व्हायची ती एकाच गोष्टीची, ‘किती टक्के पूर्ण?’

बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ व निवड श्रेणी मिळायला जे प्रशिक्षण लागतं, ते २०२२ साली ऑनलाइन झालं. शिक्षकांनी दोन-दोन हजार रुपये भरले. पगाराची श्रेणी ज्याच्यावर अडलेली आहे तिथे माणूस प्रमाणपत्राकडेच पाहणार. त्यात शिकण्याला जागा किती उरते?

आता दुसरी बाजू, खालून वर. २०१५ साली ‘सरल’ हे राज्याचं शाळांच्या माहितीचं पोर्टल आलं. केंद्राचं यू-डायस होतंच, पगाराचं शालार्थ, पोषण आहाराची रोजची नोंद, हजेरीचं अ‍ॅप, वृक्षारोपणाचे फोटो, कुठल्याशा दिनाची चित्रफीत. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सतत ‘लिंक भरा’, ‘तात्काळ’, ‘आज पाचच्या आत’. माझ्या एका सहकाऱ्याला शाळेच्या वेळेत फोन वाजला की दचकायला होतं. याच गटावर, याच आदेशांच्या रांगेत, जेव्हा ‘भाषेच्या अध्यापनावरील सत्र, सर्वांनी जोडून घ्यावे’ असा संदेश येतो तेव्हा तो शिक्षकाला आणखी एक आदेश वाटतो. ज्या दोरीने तुम्ही माणसाला ओढता, त्याच दोरीने त्याला आधार देता येत नाही. म्हणून माझी पहिली अट ही की शिकण्याचं जाळं आणि तपासणीचं जाळं वेगळं हवं. शिकण्याच्या गटात गटशिक्षणाधिकारी नकोत, टक्केवारी नको, फोटोची सक्ती नको. तिथे शिक्षकाला ‘मला हे जमत नाही’ असं लिहिता आलं पाहिजे. आज कुणीही ते लिहीत नाही, कारण त्याचा स्क्रीनशॉट कुठे जाईल याची खात्री नसते.

अशा मोकळ्या जागेत काय घडतं याचं एक उदाहरण देतो. आम्ही बीड, लातूर, परभणी, नांदेडकडचे आठजण एका शिबिरात भेटलो आणि आपला आपला गट केला. एका संध्याकाळी मी तिसरीतल्या एका मुलीच्या वहीचं पान त्यावर टाकलं. ५२ मधून २७ वजा केले होते आणि उत्तर होतं ३५. अशी सात उदाहरणं, सातही चूक. ‘हातच्याची वजाबाकी चारदा शिकवली, तरी येत नाही,’ असं मी लिहिलं.

किनवटकडच्या एका मॅडमचा निरोप आला, ‘सर, उद्या तिला काही सांगू नका. तिनं कसं केलं ते तिलाच बोलायला लावा आणि आवाज पाठवा.’

दुसऱ्या दिवशी मी फोन बाकावर ठेवला आणि तिला विचारलं. ती म्हणाली, ‘दोनातून सात जात नाहीत. म्हणून सातातून दोन काढले.’ चाळीस सेकंदांचं ते बोलणं मी पाठवलं. चारदा शिकवताना जे माझ्या ध्यानात आलं नव्हतं ते आता आठही जणांना दिसलं. ती गोंधळलेली नव्हती. तिने स्वतःचा एक नियम केला होता, मोठ्यातून लहान काढायचं, आणि तो ती प्रत्येक उदाहरणात प्रामाणिकपणे पाळत होती. लातूरचे एक सर म्हणाले, ‘तिला लिहायला लावू नका. काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या, आणि तिच्याकडून सत्तावीस मागा.’

तसं केलं. तिने दोन गठ्ठे मला दिले. मग दोन सुट्या काड्या दिल्या. मग थांबली. मी गप्प बसलो. गप्प बसायला मॅडमनी बजावलं होतं, नाहीतर माझ्या तोंडून ‘शेजारून हातचा घे’ निघालंच असतं. बराच वेळ ती उरलेल्या तीन गठ्ठ्यांकडे पाहत राहिली आणि शेवटी म्हणाली, ‘गुरुजी, गठ्ठा सोडू का?’

मी फक्त तिचे हात दिसतील अशी चित्रफीत घेतली होती. ती रात्री सगळ्यांनी पाहिली. पुढचे आठ-नऊ दिवस थोडं थोडं चाललं. काड्यांवरून चित्रावर, चित्रावरून अंकांवर कधी यायचं, घाई कुठे होते, शून्य आलं तर काय करायचं. परभणीच्या बाजूचे एकजण म्हणाले, आमच्याकडे चौथीतही हीच चूक आहे, आणि त्यांनीही काड्या काढल्या. याला कुणी प्रशिक्षण म्हटलं नाही, त्याचं प्रमाणपत्र कुणाला मिळालं नाही. माझ्या नोकरीतलं गणिताचं सगळ्यात चांगलं प्रशिक्षण मात्र तेच. प्रश्न माझ्या वर्गातून निघाला होता. सल्ला मिळाल्यावर करून पाहायला रात्र मध्ये होती, आणि जमलं-न जमलं ते पुन्हा सांगता येत होतं. तालुक्याच्या हॉलमध्ये दोन दिवसांत हे होऊ शकत नाही, तिथे कितीही चांगला सुलभक असला तरी, कारण ती मुलगी हॉलमध्ये नसते.

आणखी एक गोष्ट हॉलला साधत नाही. हॉल माणसं गोळा करतो ती पत्त्यानुसार, एका केंद्राची, एका तालुक्याची. अडचणी मात्र तालुक्याप्रमाणे वाटलेल्या नसतात. तांड्यावरच्या शाळा घ्या. कन्नड, मंठा, जिंतूर, किनवट, आमचा डोंगरपट्टा, आठही जिल्ह्यांत तांडे आहेत. तिथलं पहिलीतलं पोर आईला ‘याडी’ म्हणतं, आणि आपलं पुस्तक त्याच्यापुढे ‘आई’ ठेवतं. घरी बंजाऱ्यांची गोरमाटी, शाळेत मराठी. देगलूर-बिलोली-धर्माबादला तेलुगू घरात आहे, उमरगा-निलंग्याच्या सीमेवर कन्नड, किनवटच्या पाड्यांवर कोलामी आणि गोंडी. गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला पहिले सहा महिने कसं बोलतं ठेवायचं, हे ज्या शिक्षकांना अनुभवाने कळलेलं आहे असे शिक्षक मराठवाड्यात नक्कीच आहेत. पण ते पाच जिल्ह्यांत, पन्नास केंद्रांत एकेकटे पडले आहेत. त्यांची कधी गाठ पडत नाही. पुण्यात बसून या सगळ्या भाषांसाठी वेगवेगळा घटकसंच कुणी करणार नाही, आणि केला तरी तो तांड्यावरच्या शिक्षकाइतका खरा उतरणार नाही. या माणसांना एकत्र बसवण्याचं काम फक्त जाळंच करू शकतं. आमच्या गटातल्या मॅडमनी मुलांच्या तोंडून ऐकलेल्या शब्दांची वही ठेवली आहे. तिच्या पानांचे फोटो आम्ही सगळे वापरतो. सरकारी व्यवस्थेत अशा वहीला जागा कुठे आहे?

हे काही मीच पहिल्यांदा म्हणत नाही. राज्याची इंग्रजी भाषा संस्था आपल्या छत्रपती संभाजीनगरातच उभी राहिली. राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१६ पासून ‘तेजस’ नावाचा उपक्रम केला. त्यात इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांचे छोटे गट बांधले, गटाचं काम शिक्षकांपैकीच एकाकडे दिलं, काही काळाने प्रत्यक्ष भेटायचं आणि मधल्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर बोलत राहायचं अशी रचना ठेवली. भेट आणि जाळं यांची ही सांगड मला योग्य वाटते. इंग्रजीसाठी जे चाललं ते गणिताला आणि मराठीला का चालू नये?

त्याहून जुना दाखला आपल्या सीमेपलीकडचा आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून देशातल्या सहा राज्यांत सुमारे २,४०० खेड्यांना दूरचित्रवाणी दाखवली गेली. ‘साइट’ म्हणून तो प्रयोग प्रसिद्ध आहे. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण उमरग्याला लागून असलेला गुलबर्गा जिल्हा होता. त्या काळात शाळांच्या सुटीत प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण याच मार्गाने दिलं गेलं, आणि तेव्हाच्या लोकांनी निव्वळ पडद्यावर भिस्त ठेवली नव्हती. कार्यक्रमासोबत छापील साहित्य होतं, करून पाहायचे प्रयोग होते आणि जागेवर मार्गदर्शक होता. पुढे २० सप्टेंबर २००४ ला निव्वळ शिक्षणासाठीचा एज्युसॅट उपग्रह गेला. साधनं दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत गेली. पडद्याशेजारचा तो माणूस मात्र प्रत्येक नव्या साधनाबरोबर आपण काढून टाकत आलो. (पुण्याची बालचित्रवाणी १९८४ पासून मराठी शिक्षणासाठी चित्रफिती करत होती. २०१७ साली ती बंद झाली. मला ते अजूनही पटलेलं नाही.)

वरून बोलायची गरजच नाही असं माझं म्हणणं नाही. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेपन्न’च्या जोडीने ‘पन्नास तीन’ असं संख्यावाचन आलं आणि राज्यभर गदारोळ झाला. गणित अभ्यासगटाच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण सांगितलं. जोडाक्षरं आणि उलट्या क्रमाची संख्यानामं मुलांना जड जातात, हे त्यांचं म्हणणं आम्हा पहिली-दुसरीच्या शिक्षकांना लगेच पटण्यासारखं होतं, कारण ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिणारी मुलं आम्ही रोज पाहतो. पण आम्हाला ते कळलं टीव्हीवरच्या वादावादीतून. गावातल्या पारावर लोक मला विचारत होते आणि मला नीट उत्तर देता येत नव्हतं. पुस्तक वर्गात यायच्या आधी तासभर त्या अभ्यासगटाने जिल्ह्याजिल्ह्यातल्या शिक्षकांशी थेट बोलायचं, प्रश्न घ्यायचे, एवढ्यासाठी जाळं वापरलं असतं तर मधल्या सगळ्या पायऱ्या वाचल्या असत्या.

रेंजचं काय, हा प्रश्न येणारच. २०११ साली केंद्राने ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायची योजना मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. अडीच लाख ग्रामपंचायतींचं उद्दिष्ट होतं. आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पेटी आहे. तिथून शाळा शंभर पावलांवर आहे, आणि त्या शंभर पावलांत तार नाही. लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग केलेल्या कितीतरी शाळांत आज प्रोजेक्टर कपाटात आहे, कारण वीजबिल थकलं आणि जोडणी तुटली. सादिलच्या, म्हणजे किरकोळ खर्चाच्या, पैशात खडू आणायचे की बिल भरायचं, हा हिशेब मुख्याध्यापकाला करावा लागतो. शाळेचं वीजबिल जिल्हा परिषदेने भरलं पाहिजे, यावर चर्चेची गरज नाही. पण रेंज कच्ची आहे म्हणून थांबायचंही कारण नाही. मी वर सांगितलेला सगळा प्रकार एक फोटो, एक चाळीस सेकंदांचा आवाज आणि एक छोटी चित्रफीत यांवर झाला. संध्याकाळी गच्चीवर रेंज आली की निरोप जायचे, सकाळी उत्तर असायचं. एकाच वेळी सगळ्यांनी पडद्यासमोर बसायचं, हा हट्ट सोडला तर डोंगरातली अर्धी अडचण सुटते. मोठ्या चित्रफिती केंद्रशाळेत उतरवून पेनड्राइव्हवर द्याव्यात.

वयस्कर शिक्षकांना हे जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी आमचा एमएस-सीआयटीचा काळ आठवावा. वेतनवाढ रोखली जाईल या धास्तीने चाळिशी-पंचेचाळिशीतले गुरुजी संध्याकाळी तालुक्याच्या संगणक केंद्रात मुलांच्या शेजारी बसून माउस धरायला शिकले, पास झाले. त्या अभ्यासक्रमाने त्यांना पत्र टाइप करायला शिकवलं. वर्गात त्याचं काय करायचं ते विचारायला कुणी आलं नाही. माणसं शिकायला तयार होती, तेव्हाही आणि आताही.

वेळेचा मुद्दा जास्त गंभीर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाचे सांगितले आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरताना तयारीचा वेळही त्यात मोजला आहे. म्हणजे वेळ कायद्यात आहे. दिवसभर चार वर्ग आणि लिंका सांभाळून रात्री नऊनंतर घरच्या डेटावर शिकायचं, हा त्याचा अर्थ असू शकत नाही. आठवड्याला दीड तास धरला तर चौतीस आठवड्यांत ५० तास होतात. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावरचा दीड तास यासाठी राखावा, तो कामाचा वेळ म्हणून धरावा, आणि शनिवारी कुठल्याही कार्यालयाने कुठलीही माहिती मागू नये. महिन्याची केंद्राची शिक्षण परिषद चालूच राहावी. फक्त आज तिचा बराच वेळ परिपत्रकं वाचण्यात जातो, ती परिपत्रकं आधीच फोनवर आलेली असतात. परिषदेत समोरासमोर बसल्यावर वर्गाबद्दल बोलावं, महिन्याभरात गटात जे अडलं ते तिथे करून पाहावं.

आणि उत्तर द्यायला माणूस हवा. शिक्षकांच्या गटाला अडेल तेव्हा विषय जाणणारं कुणीतरी दोन दिवसांच्या आत उत्तर देईल, ही हमी नसेल तर गट शुभेच्छा आणि सुविचारांवर घसरतो. असे कितीतरी गट आपण सगळेच पाहतो. हे काम डायटच्या अधिव्याख्यात्यांचं. त्यांची पदं रिक्त असल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो, आणि जे आहेत ते योजनांचे अहवाल जमवण्यात गुंतलेले. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड या दोन्ही विद्यापीठांत शिक्षणशास्त्राचे विभाग आहेत. त्यांनी आपल्या भागातल्या दहा-दहा गटांची जबाबदारी घेतली तर त्यांच्या विद्यार्थ्यांनाही खरा वर्ग दिसेल. नवा सर्व्हर, नवं अ‍ॅप, नवं नाव यांच्या खर्चाआधी ही माणसं नेमा, एवढी मागणी शिक्षक संघटनांनी लावून धरावी असं मला वाटतं. बदल्या आणि जुनी पेन्शन हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच, पण आमच्या शिकण्याबद्दल आम्ही काही मागितलेलं मला आठवत नाही.

गठ्ठा सोडू का, असं विचारणारी ती मुलगी दिवाळीनंतर आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेली. आमच्या भागात त्या दिवसांत वर्ग निम्मे होतात. हंगामी वसतिगृहात ठेवा म्हणून घरच्यांना विनवलं, पण धाकटा भाऊ सांभाळायला तीच होती. जाताना तिकडच्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड भरून दिलं. नाव, इयत्ता, शाळा. काड्यांवर तिला हातच्याची वजाबाकी येते, चित्रावर जमायला लागली आहे, कागदावर अजून डळमळते, म्हणून तिच्यापुढे इतक्यात नुसती उदाहरणं ठेवू नका, हे मला तिकडच्या शिक्षकाला सांगायचं होतं. कारखाना कोल्हापूरकडे आहे एवढं तिच्या बापाने सांगितलं होतं. तिथल्या कुठल्या शाळेत ती जाईल, त्या शिक्षकाचा नंबर काय, हे मला कुठल्याच पोर्टलवर सापडलं नाही. तिची आधार नोंद, पटनोंद, हजेरी सगळं तिथे होतं. मार्चअखेर टोळी परत आली. ती वर्गात येऊन बसली, मी वही उघडून पाहिली आणि कपाटातून काड्यांचा डबा काढला.